अपिलाची मुदत निकालपत्रावरच छापा : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

दिवाणी दाव्याचा निकाल विरोधात गेला की सातारा जिल्ह्यातला पक्षकार विचारतो, "वर जाता येईल का?" किती दिवसांत जायचं, हे विचारायचं राहून जातं. जिल्हा न्यायालयात पहिल्या अपिलाला मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. निकालपत्र पन्नास पानांचं असो की पाच, ही ओळ त्यात सहसा नसते.

खरी फसगत नकलेच्या, म्हणजे निकालाच्या अधिकृत प्रतीच्या, दिवसांत होते. मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार नक्कल मिळायला लागलेला काळ वजा होतो, पण त्याचा हिशोब नीट लावावा लागतो. समजा निकाल १ जुलैचा. तो दिवस धरायचा नाही, म्हणून मुदत ३१ जुलैला संपते. नकलेचा अर्ज ११ जुलैला दिला, नक्कल २५ जुलैला तयार झाली, तर १५ दिवस वाढून शेवटची तारीख १५ ऑगस्ट. त्या दिवशी सुट्टी, म्हणून कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील चालतं. आता तीच नक्कल पक्षकाराने ४ ऑगस्टला नेली, तर मधले दहा दिवस त्याच्याच खात्यावर. खर्च भरायला उशीर केला तर तेही दिवस गेले. अर्जच १ ऑगस्टला दिला तर एकही दिवस वजा होत नाही. आणि हुकूमनामा (निकालावरून निघणारा औपचारिक आदेश) तयार नव्हता म्हणून अर्ज केला नाही, ही सबबही चालत नाही. अर्जाआधीचा तो काळ कायदा धरत नाही.

या तारखा नकलेच्या मागच्या शिक्क्यात असतात, पण शिक्का वाचता येईल असा उमटला तर! संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत वाचायला ठीक, नकलेचा अर्ज मात्र त्यामुळे टळत नाही.

मुदत टळली तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. "आजारी होतो" एवढं लिहून भागत नाही, कागद लागतो. त्या अर्जावर समोरच्याला नोटीस जाते. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी वीस-पंचवीस, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला. नोटिसा बजावण्यातच महिने जातात, आणि मूळ अपील तोवर बाजूला पडून राहतं.

अपील दाखल झालं म्हणजे निकाल थांबला, हा समज तर गावोगाव आहे. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. तो नसेल तर समोरचा दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणण्याचा अर्ज, लावतो आणि ताब्यासाठी बेलिफ दारात येतो. अपिलाची मुदत बाकी असेपर्यंत ज्या न्यायालयाने निकाल दिला तेही पुरेशा कारणावर स्थगिती देऊ शकतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रकमेचा हुकूमनामा असेल तर रक्कम किंवा जामीनकी द्यायची तयारी ठेवावी लागते.

फौजदारीत आरोपीला शिक्षेच्या निकालाची प्रत मोफत मिळते. दिवाणी पक्षकाराच्या हातात निकालाच्या दिवशी काहीच पडत नाही.

न्यायालयीन कामकाजाचे नियम उच्च न्यायालय ठरवतं, हे आम्ही जाणतो. पण नक्कल विभागातली माणसं, झेरॉक्स यंत्रं आणि त्यासाठीचा पैसा शासनाकडून येतो. नक्कल तयार झाली की अर्जदाराला मोबाइलवर संदेश जावा, आणि प्रत्येक निकालपत्राच्या शेवटी पुढचा मजकूर मराठीत छापावा, असा प्रस्ताव आपण उच्च न्यायालयाकडे पाठवावा :

"या निकालावर अपील ______ येथील न्यायालयात करता येईल. मुदत निकालाच्या तारखेपासून ___ दिवस. नकलेसाठी लागलेला काळ वजा मिळण्यासाठी नकलेचा अर्ज या मुदतीतच करावा. नक्कल तयार झाल्यानंतरचे दिवस वजा होणार नाहीत. अपिलामुळे अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा."

रिकाम्या जागा शिरस्तेदारांनी, म्हणजे न्यायालयातल्या कार्यालयीन अधिकाऱ्यांनी, भराव्यात. सातारा, कऱ्हाड की वडूज, आणि उच्च न्यायालयात जायचं असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूर, हे पक्षकाराने चहाच्या टपरीवर विचारत फिरू नये.

आपले,
नकला आणि अपिलांचं काम करणारे काही वकील व त्यांचे कारकून, सातारा