घर एक, श्रद्धा वेगळी

संपादक साहेब, नमस्कार.

माणूस कुठल्या घरात जन्मला त्यावरून तो किती धार्मिक हे ठरतं असं लोक सर्रास बोलतात, मला ते अजिबात पटत नाही. टिळक आणि आगरकरच बघा ना, दोघंही 1856 साली जन्मले, जात एक, कॉलेज एक, केसरी सुद्धा बरोबर काढला, पण टिळकांनी गणपती रस्त्यावर आणला, गीतारहस्य लिहिलं आणि आगरकर शेवटपर्यंत बुद्धिवादी राहिले, वेगळे झाले आणि 1888 मध्ये सुधारक काढला.

आमच्या घरी पण तेच, थोरला भाऊ वारी चुकवत नाही, धाकटा गणपतीत रात्रभर जागून मखर करतो पण आरतीला हात जोडत नाही, मोदक मात्र आवडीने खातो. संस्कार दोघांवर सारखेच झाले की! घरातून सण मिळतात, जेवणाची पद्धत मिळते, श्रद्धा ज्याची त्याची, आणि हिंदू धर्मात नास्तिकालाही जागा आहे, देव न मानणारा जुना विचारवंत चार्वाक काय बाहेरून आला होता का?

म्हणून धाकट्याला ‘तू कसला हिंदू’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तुमच्या गणेशोत्सव पुरवणीत अशा लोकांवरही लिहा, प्लीज.

– एक वाचक, सातारा