"दिवसाला किती पॅड लागतात, काका?"

मॅडम,

तुम्ही मला काका म्हणायचात आणि मी, माझ्या मुलीपेक्षा लहान असलेल्या तुम्हाला, मॅडम. तेच चालू ठेवतो. खाली नाव घालत नाही. सांगलीत नाव घातलं की गल्ली, पेन्शन आणि सोयरे सगळंच घातल्यासारखं होतं.

कॅन्सर झालेली प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) काढली, दहाव्या दिवशी लघवीची नळी निघाली, पुढे पीएसए, म्हणजे या कॅन्सरचा माग दाखवणारा रक्तातला आकडा, ०.१ च्याही खाली आला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "सुटलात!" मी मनात म्हणे, सुटतंय खरं, पण काय ते तुम्हाला कसं सांगू. शिंक आली की लघवी गेली. खुर्चीतून उठलो की गेली. पाणी पिणं तोडलं, काळ्या पँटी शिवल्या, एसटी बंद, भावे नाट्यमंदिर बंद. जीव वाचलेल्या माणसानं पँटीची तक्रार करायची नसते, असं मीच ठरवून टाकलं होतं. तीन महिन्यांनी हिनं मला न विचारता, लघवीवर ताबा आणायचे व्यायाम शिकवणाऱ्या तुमच्याकडे नंबर लावला.

तुम्ही पहिलंच विचारलंत, "दिवसाला किती पॅड लागतात, काका?" आवाज न उतरवता, चहात साखर किती विचारावी तसं. आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्या, पण हा आकडा तोंडातून निघेना. शेवटी "चार" म्हणालो. हिनं शेजारून दुरुस्ती केली, "पाच."

मग तुम्ही पॅडच्याच पाकिटावर चित्र काढून दाखवलंत. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या झडपेला ऑपरेशनमध्ये धक्का बसतो आणि सगळा भार खालच्या झडपेवर येतो. तिला तालीम द्यायची. वायू अडवताना आवळतो तसं आवळायचं, दहा आकडे धरायचं, तितकंच सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट आणि मांड्या सैल. मी इतकं मन लावून करायचो की तुम्हाला म्हणावं लागलं, "काका, गाल नाही, खाली." उठण्याआधी, खोकण्याआधी आवळायचं, ही युक्ती मला सगळ्यांत उपयोगी पडली. आणि पाणी तोडल्याबद्दल तुम्ही रागावलात ते बरं केलंत. पाणी कमी झालं की लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं, हे मला कुठं ठाऊक! कमी करायचा होता तो चहा. तो मात्र जड गेला.

दुसरा विषय मी काढला नसता. तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून काढलात. ताठरपणाच्या नसा प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी बिलगून असतात. त्या वाचवून ऑपरेशन करायची पद्धत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली अमेरिकेत बाल्टिमोरला सुरू केली. वाचलेल्या नसांनाही जागं व्हायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, आणि वीर्य मात्र आता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. मित्रानं दिलेली गोळी घेऊ नका, हृदयाचं औषध चालू असेल तर जिवावर बेतेल, आधी डॉक्टरांना विचारा, असं बजावलंत. त्या दिवशी रिक्षात हिनं माझा हात धरला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात रिक्षात हात धरायची ही पहिलीच वेळ. तो विषय अजून पूर्ण मार्गी लागलेला नाही, पण आता आम्ही त्यावर बोलतो.

आठव्या महिन्यात पॅड सुटला. गेल्या रविवारी भावेला नाटक पाहिलं, रांगेच्या अगदी मधली खुर्ची, आणि पोट धरून हसलो. खबरदारी म्हणून खिशात एक पॅड होता. (लागला असता तर टाकायचा कुठं? पुरुषांच्या मुतारीत डबा ठेवायचं कुणाला सुचलेलंच नाही.)

शेवटच्या पाकिटातले अकरा पॅड उरले होते. आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांचं हेच ऑपरेशन सोमवारी आहे, त्यांना ते नेऊन दिले. पाकिटावर तुमचा फोन नंबर लिहिलाय. फोन बहुधा त्यांच्या मिसेसच करतील.

तुमचा,
पाच पॅडवाला काका