कोडाला कुष्ठ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतला 'श्वेतकुष्ठावर नवे उपचार' हा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटते आणि तेवढा भाग पांढरा पडतो, हा आजार कुणाकडून कुणाला लागत नाही, अतिनील किरणांच्या उपचाराने बऱ्याच जणांचा रंग परत येतो, हे सगळं त्यात नीट सांगितलं आहे. पण मथळा धरून 'कुष्ठ' हा शब्द त्यात सात वेळा आला. मी मोजला. एकतीस वर्षं वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून गावोगाव फिरलो, त्यामुळे या शब्दावरून डोळा सहज पुढे सरकत नाही.

लेखात ज्या आजाराची माहिती आहे, त्याला मराठीत कोड म्हणतात. कुष्ठरोग निराळा. तो एका जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो जंतू शोधला. कोडाला जंतू नाही. दोन्हींचं नातं आहे ते फक्त शब्दाचं. संस्कृतातल्या 'कुष्ठ'पासूनच आपला 'कोड' आला आणि हिंदीतला 'कोढ'ही. पण हिंदीत कोढ म्हणजे कुष्ठरोग, आणि मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग. आमच्या विदर्भात दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात, त्यामुळे घोटाळा आधीच भरपूर. त्यात आयुर्वेदात 'कुष्ठ' हे त्वचारोगांच्या एका मोठ्या गटाचं नाव. सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं, असे अठरा प्रकार. नायटासुद्धा त्यातच बसतो. ग्रंथात ते बरोबरच आहे. पण एका शिक्षिकेच्या हातात वैद्यांची चिठ्ठी आली, तीवर 'एककुष्ठ' लिहिलेलं. बाई रात्री साडेनऊला माझ्या दारात उभ्या, पदराखाली कोपर झाकून. पाहिलं तर साधा सोरायसिस. तेवढ्या तीन तासांत त्यांनी मुलांची ताटं वेगळी केली होती.

आमच्याच गल्लीत एक मुलगी आहे, बँकेत नोकरीला. तिच्या ओठाच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर कोड आहे. तिनं ते कधी लपवलं नाही. परवाच्या रविवारी पाहुणे यायचे होते, मुलाकडच्यांना फोनवरच सगळं सांगून झालं होतं, आणि त्यांची हरकत नव्हती. शनिवारी रात्री मुलाच्या आत्याचा फोन आला. त्यांनी आपली पुरवणी वाचली होती. "कोड म्हणालात तुम्ही, पण पेपरात तर कुष्ठ लिहिलंय," एवढंच त्या म्हणाल्या. पाहुणे आले नाहीत. तिच्या आईनं सकाळी चिरून ठेवलेले कांदे दुपारी आमच्याकडे आणून दिले. २०१९ मध्ये संसदेनं घटस्फोटाच्या कारणांमधून खुद्द कुष्ठरोगालाही वगळलं. इथे तर कुष्ठरोग नव्हताच.

पण या शब्दाचा मार एकाच बाजूला बसत नाही. दुसऱ्या बाजूचं मी जास्त पाहिलंय, म्हणून ते थोडं विस्तारानं लिहितो.

सर्वेक्षणाला गेलो असताना कपाशीच्या शेतात एक माणूस भेटला, चाळिशीचा. दंडावर तळहाताएवढा फिकट चट्टा. विचारलं तर म्हणाला, "शिबं हायेत जी, मलम लावतो." दोन वर्षं लावत होता. त्याला बांधावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि बॉलपेनचं टोक हलकेच टेकवत गेलो. जिथे टोक लागेल तिथे बोट ठेवायचं. चट्ट्याच्या बाहेर बोट बरोबर जागेवर पडत होतं. चट्ट्याच्या आत मी चार वेळा टोक टेकवलं आणि तो डोळे मिटून वाटच पाहत राहिला. कोपरामागची शीर चाचपली, ती सुतळीसारखी जाड लागली. करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं होतं. मी आजाराचं नाव सांगितल्यावर त्यानं जे विचारलं ते आजही कानात आहे : "कुष्ठ तं पांढरं असते न जी?"

कुष्ठरोगाचा चट्टा दुधासारखा पांढरा कधीच नसतो. तो फिकट असतो किंवा तांबूस, तिथे घाम येत नाही, आणि मुख्य म्हणजे स्पर्श कळत नाही. कोडाच्या डागावर मुंगी चढली तरी कळते. 'श्वेतकुष्ठ' वाचून वाचून लोकांच्या डोक्यात कुष्ठाचा रंग पांढरा बसला, म्हणून पांढरा नसलेला चट्टा घेऊन माणूस मलमाच्या ट्यूब संपवत बसतो. त्या शेतकऱ्याला बारा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या, जंतू मेले. बोटं मात्र वाकडीच राहिली. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून लोकांना वाटतं हा आजार गेला. आजही भारतात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

मराठीला कातडीच्या आजारांसाठी शब्द कमी आहेत का? नायटा, खरूज, इसब, शिबं, वांग, चाई, चिखल्या, कुरूप, केसतूड, नागीण. गावातली म्हातारी बाई लांबून पाहून यातला फरक सांगेल. कोड हा याच पंगतीतला शब्द, दोन अक्षरी, सगळ्यांना कळणारा. तो गावंढळ वाटतो म्हणून संस्कृत शब्द घेतला जातो, असं मला वाटतं. आणि नेमका तोच शब्द दुसऱ्याच आजाराचा निघतो. शब्द बदलता येतात. कुष्ठरोगाची 'महारोग' आणि 'रक्तपिती' ही जुनी नावं आता कुणी छापत नाही. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी इथून जवळच दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, बाबा आमटे यांची महारोगी सेवा समिती १९४९ मधली. संस्थेच्या नावात जुना शब्द राहिला, पण बोलण्यालिहिण्यातून तो गेला, कारण लिहिणाऱ्यांनी ठरवलं.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. यापुढे कोडाला कोड छापावं, आणि कुष्ठ हा शब्द कुष्ठरोगासाठीच ठेवावा. दुसरी, येत्या मंगळवारच्या पुरवणीत त्या मथळ्याची दुरुस्ती त्याच पानावर, ठळक अक्षरांत द्यावी. त्या दिवशी मी दोन अंक घेणार आहे. एक त्या मुलीच्या आईला नेऊन द्यायचा आहे, म्हणजे पुढचा फोन आला की तो त्यांच्या हाताशी असेल.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, वर्धा