कॉम्प्युटर देताय तर एक शनिवारही द्या

संपादक महोदय,

दांडेकर पुलाजवळ आम्ही काही जण वस्तीतल्या मुलांसाठी छोटी संस्था चालवतो, देणगीत मिळालेले सहा जुने कॉम्प्युटर आहेत आणि त्यावर दिवसभर पोरं स्कॉलरशिपचे फॉर्म भरतात, प्रोजेक्ट करतात, हॉल तिकीट काढतात. मागच्या महिन्यात अकरावीतली एक मुलगी रडवेली होऊन आली, दादा माझे दाखले उडाले सगळे, उद्या लास्ट डेट आहे. बघतो तर पेन ड्राइव्हमधल्या प्रत्येक फोल्डरवर तो छोटासा बाण. उडालं काहीच नव्हतं, हा व्हायरस मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो, क्लिक केलं की आधी स्वतः चालतो आणि मग फोल्डरही उघडून देतो, म्हणजे कुणाला शंकाच यायला नको! झेरॉक्सवाल्याकडून आला असं सगळे म्हणाले, पण त्याच्याकडे आमच्याकडूनच गेला नसेल कशावरून.

तिचे दाखले पाच मिनिटांत दिसायला लागले, सहा मशीन साफ करायला मात्र दोन रविवार गेले. चूक आमचीच, सगळीकडे एकच ॲडमिन अकाउंट (ज्यातून काहीही इन्स्टॉल करता येतं) आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला (हसू नका). शिवाय कुणीतरी क्रॅक केलेला गेम टाकायला विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडरच बंद करून ठेवलेला. आता पोरांना स्टँडर्ड अकाउंट दिलंय, इन्स्टॉल करायचं तर आम्हाला विचारावं लागतं, आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात. खर्च फक्त त्या डिस्कचा.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, संपला, इंटेल प्रोसेसरच्या आठव्या जनरेशनच्या आधीची बहुतेक मशीन विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाहीत, आणि कंपन्या नेमकी तीच आम्हाला देतात, बॅनर लावून फोटो काढतात, परत कुणी फिरकत नाही. २०१७ च्या मे महिन्यात फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा त्याला रोखणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता, अपडेट न केलेले अडकले. आमच्या मशीनला तर नेहमीचे अपडेटच येणार नाहीत. दोन मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय, पोरांना आठवड्यात सवय झाली, मलाच अजून नाही.

हिंजवडी-खराडीतल्या इंजिनीयर मंडळींनी आपापल्या भागातल्या अशा संस्थेत एखादा शनिवार यावं, उरलेल्या चार मशीनचं काय करायचं ते आम्हालाही सांगावं. चहा आमच्याकडून.

– एक कार्यकर्ता, पुणे ३०