जयशंकर साहेब, प्योंगयांगला फक्त बॉम्बबद्दल बोलू नका

मा. परराष्ट्रमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर कोरियाच्या राजधानीतला, प्योंगयांगचा आपला दूतावास परत सुरू झाला तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात होतं. अमेरिकेचा तिथे दूतावास नाही, जपानचा नाही, दक्षिण कोरियाचा तर प्रश्नच नाही, आपला आहे, म्हणून तुम्हालाच सांगतेय.

२००६ ते २०१७ मध्ये उत्तर कोरियाने सहा अणुचाचण्या केल्या आणि दरवेळी तेच, निषेध, सँक्शन्स, चर्चा, परत चाचणी. २०१८ ला सिंगापूरला ट्रम्प आणि उत्तर कोरियाचे सर्वेसर्वा किम जोंग उन भेटले, चार कलमांचं निवेदन निघालं, त्यात मानवी हक्कांचा साधा उल्लेख नव्हता. आधी अण्वस्त्रांचं मिटू दे, माणसांचं नंतर बघू असं म्हणत सगळे बसले आणि हातात काय आलं? २०२२ ला उत्तर कोरियाने अण्वस्त्र आधी वापरायची मुभा देणारा कायदाच करून टाकला. आणि यूएनच्या २०१४ च्या अहवालात तिथल्या राजकीय छावण्यांमध्ये ८० हजार ते १ लाख २० हजार माणसं असल्याचा अंदाज होता. मला हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत. जिथे 'नाही' म्हणायची सोय नसते तिथेच लोकांच्या पोटाला चिमटा काढून बॉम्ब बनवता येतो.

मेगुमी योकोता. नोव्हेंबर १९७७, जपानचं निगाता शहर, वय १३, शाळेत बॅडमिंटनची प्रॅक्टिस करून घरी निघालेली पोर, उत्तर कोरियाच्या एजंटांनी उचलून नेली. २००२ ला त्यांनी स्वतः कबूल केलं, म्हणाले ती वारली, २००४ ला अस्थी दिल्या, जपानने तपासल्या तर डीएनए दुसऱ्याचाच. वडील २०२० मध्ये गेले, लेकीची वाट बघत. माझी मुलगी पण तेराची आहे, क्लासवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते, जीव थाऱ्यावर नसतो.

लोक म्हणतील आपणच एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या करारावर, सही केली नाही, कुठल्या तोंडाने बोलणार. प्रश्न बरोबर आहे, पण छावण्यांबद्दल बोलायला एनपीटी लागत नाही. आणि कोरियात आपण नवखे नाही साहेब. १९५३ ला कोरियन युद्ध थांबल्यावर मायदेशी जायला नकार देणारे २२ हजारांवर युद्धकैदी सांभाळायला भारताची फौज गेली, प्रमुख होते आमच्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. दोन्ही बाजू चिडलेल्या, तरी जबरदस्तीने कुणाला परत पाठवायचं नाही ही अट आपल्या जवानांनी पाळली. आज उत्तर कोरियातून पळालेल्या माणसांना चीन पकडून परत पाठवतो, त्यावर तरी आपण बोलायला हवं ना?

२०२० मध्ये आपण उत्तर कोरियाला १० लाख डॉलरची टीबीची औषधं दिली, फार चांगलं केलं, ती देत राहा. पण पुढच्या वेळी सोबत एवढी मागणी जाऊ दे की यूएनच्या मानवी हक्क प्रतिनिधीला देशात येऊ द्या. आणि आपल्या राजदूतांनी तिथे मेगुमीचं नाव घेऊन विचारावं, ती कुठे आहे.

आपली,
एक कोल्हापूरकर आई