कीबोर्ड घेताना उजवी 'शिफ्ट' आधी पाहा

संपादक महोदय,

कामासाठी आणि गेमसाठी छोट्या आकाराचा वायरलेस मेकॅनिकल (प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असलेला) कीबोर्ड कसा निवडावा, यावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. स्विचचे प्रकार, बॅटरी आणि किंमत यांविषयी त्यात दिलेली माहिती चांगली आहे. मात्र '६० टक्के' आकाराचा, म्हणजे ६१ कळांचा कीबोर्ड बहुतेकांना पुरतो, हा त्यातला निष्कर्ष इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या हिशेबाने काढलेला दिसतो. दारव्हा तालुक्यात माझे सेवा केंद्र आणि डीटीपीचे दुकान आहे. दिवसभर अर्ज, शपथपत्रे, ग्रामपंचायतीचे ठराव आणि लग्नपत्रिका मराठीत टाइप होतात आणि शटर खाली आले की त्याच संगणकावर घरची मुले गेम खेळतात. दोन्ही कामे एकाच कीबोर्डवर करायची असतील, तर मराठीच्या बाजूने काही गोष्टी तपासाव्या लागतात. त्या लेखात आल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या प्रमाणित पद्धतीत स्वर डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली आहेत. नुसती कळ दाबली की काना, मात्रा, वेलांटी उमटते आणि तीच कळ शिफ्टसह दाबली की तो स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून येतो. आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ ही अक्षरे याच रीतीने येतात, आणि हलन्ताच्या कळेवर शिफ्ट धरली की 'अ' येतो. डावा हात अक्षरावर असताना शिफ्ट उजव्या करंगळीने दाबायची, हा टायपिंगच्या क्लासमधला अगदी सुरुवातीचा धडा. 'आणि' हा शब्द घ्या. 'आ'साठी शिफ्टसह इंग्रजी E ची कळ, 'ण'साठी शिफ्टसह C ची आणि शेवटी F वर ऱ्हस्व वेलांटी, म्हणजे तीन अक्षरकळांच्या शब्दात उजवी शिफ्ट दोनदा लागते. वरच्या ओळीत शिफ्टसह ३, ४ आणि ५ दाबले की अनुक्रमे रकार, रफार आणि 'ज्ञ' मिळतात, तीही डाव्या हाताचीच बोटे. इंग्रजीत उजवी शिफ्ट वाक्याच्या आरंभी किंवा एखाद्या नावापुरती लागते. मराठीत तिला ओळभर उसंत नसते.

आता छोट्या कीबोर्डवर नेमके या कळेचे काय होते ते पाहावे. पूर्ण कीबोर्डवर आणि ८७ कळांच्या, नंबरपॅड नसलेल्या कीबोर्डवर उजवी शिफ्ट साध्या कळेच्या पावणेतीन पट रुंद असते. ६५ टक्के आणि ७५ टक्के आकारांत बाणाच्या कळांना जागा करण्यासाठी ती बहुधा पावणेदोन पटीवर येते आणि ६४ कळांच्या काही मॉडेलमध्ये तर एका कळेएवढीच उरते. तिच्या शेजारी वर जाणारा बाण बसवलेला असतो. सवयीने करंगळी थोडी उजवीकडे पडली की शिफ्टऐवजी बाण दाबला जातो, कर्सर एक ओळ वर उडी मारतो आणि 'आ' उमटण्याऐवजी वरच्या ओळीतल्या भलत्याच अक्षराला काना लागतो. चूक चालू ओळीत नसते, त्यामुळे ती टाइप करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ती सापडते प्रिंट निघाल्यावर, आणि कागद मुद्रांकाचा असेल, तर तो वाया जातो.

६१ कळांच्या नेहमीच्या मांडणीत शिफ्ट पूर्ण रुंद राहते, हे लेखाच्या बाजूने मान्य केले पाहिजे. पण तिथे बाण इतर कळांच्या पोटात लपवलेले असतात आणि काही मॉडेलमध्ये वरचा बाण तिरप्या रेघेच्या कळेवर दिलेला असतो. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळेवर 'य' आहे. गेम खेळताना कोणी बाणांची सोय चालू केली आणि तशीच सोडली, की सकाळी 'यवतमाळ' लिहिता येत नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते आणि कीबोर्ड बिघडला की सॉफ्टवेअर, याचा शोध चालू होतो.

म्हणून माझ्या मते मराठी टाइप करणाऱ्याने ८७ कळांचा वायरलेस कीबोर्ड घ्यावा आणि टेबलावर जागाच नसेल, तर ८४ कळांच्या आसपासचा ७५ टक्क्यांचा घ्यावा. कळांमधले प्रमाणित अंतर १९.०५ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने पूर्ण कीबोर्डचा कळांचा भाग सुमारे ४३ सेंटिमीटर, ८७ कळांचा ३५, तर ६१ कळांचा २९ सेंटिमीटर रुंद भरतो. गेममध्ये माऊस फिरवायला जी जागा हवी असते, ती नंबरपॅड गेल्यावरच मिळते. पुढच्या सहा सेंटिमीटरसाठी एवढ्या कळा गमावण्यात फायदा नाही. ७५ किंवा ६५ टक्क्यांचा घेणाऱ्याने कळांचे काम बदलू देणारा, म्हणजे क्यूएमके किंवा व्हीआयए ही त्यासाठीची सॉफ्टवेअर चालणारा कीबोर्ड घ्यावा. त्यात शिफ्टशेजारच्या बाणालाही शिफ्टचेच काम देता येते आणि वरचा बाण एफएन (Fn) या जोडकळेसोबत दुसऱ्या कळेवर हलवता येतो. जे रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवतात, त्यांना यातला बराच त्रास नाही, हेही खरे.

नंबरपॅडचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पीकविम्याच्या दिवसांत दाराबाहेर रांग असते आणि प्रत्येक अर्जात १२ आकडी आधार क्रमांक, १० आकडी मोबाइल, बँक खाते, गट क्रमांक आणि क्षेत्र भरायचे असते. ते वरच्या ओळीतून भरताना वेग मंदावतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही अक्षरे ऑल्ट धरून नंबरपॅडवर आकडे दाबल्यावरच उमटतात, आणि वरच्या ओळीतले आकडे तिथे उपयोगी पडत नाहीत. लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली ज्यांच्याकडे आहेत, त्यांना हे सांगायला नको. यावर सुटा नंबरपॅड घेणे हा मला सर्वांत सोयीचा मार्ग वाटतो, कारण काम संपले की तो बाजूला ठेवता येतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी एफ-कळांची ओळ असलेलाच कीबोर्ड घ्यावा. पेमेंट एफ-५, रिसीट एफ-६, सेल्स एफ-८ आणि पर्चेस एफ-९ दिवसभर एफएन धरून दाबणे हा छळ आहे.

स्विचविषयी थोडेच लिहितो. चेरी एमएक्स कुळातला लाल स्विच ४५ ग्रॅम भाराने आणि २ मिलिमीटर खाली गेल्यावर काम करतो, त्यात मध्ये अडथळा नाही आणि टिकटिक नाही. तपकिरी स्विचला मध्ये हलकासा ठोका जाणवतो. निळा मोठ्याने वाजतो. बँकांत आणि बिलिंगच्या काउंटरवर वर्षानुवर्षे दिसणाऱ्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डच्या आवाजाने ज्यांची बोटे घडली, त्यांना निळाच आवडतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून माणसे झोपलेली असतात आणि खिडकीआड रात्री अकरा वाजता गेम चालू असतो, तेव्हा तो आवाज घरात भांडण लावतो. दोन्ही कामांसाठी तपकिरी बरा. १.२ मिलिमीटरवरच काम करणारे अतिचपळ स्विच गेमसाठी ठीक असले, तरी टायपिंगमध्ये बोट नुसते टेकले तरी अक्षर उमटते.

वायरलेसमध्ये डोंगल (यूएसबी पोर्टात खोचायचा छोटा रिसीव्हर), ब्लूटूथ आणि वायर असे तिन्ही पर्याय देणाराच कीबोर्ड घ्यावा. गेमसाठीचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल साधारणपणे सेकंदाला १००० वेळा माहिती पाठवतो. ब्लूटूथचा वेग त्याहून बराच कमी असतो. टायपिंगला हा फरक कळत नाही, नेमबाजीच्या गेममध्ये कळतो. ब्लूटूथवर दुसरी अडचण अशी, की कीबोर्ड काही वेळ पडून राहिला की झोपतो आणि जागा होताना पहिले अक्षर गिळतो. शिवाय विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर ब्लूटूथ सहसा चालत नाही, तिथे डोंगल किंवा वायर लागते. डोंगल निळ्या यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्कशेजारी खुपसू नये, कारण त्या पोर्टमधून होणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो आणि कळा अडखळतात. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून तो पुढे आणला की बहुतेक वेळा भागते.

बॅटरीबद्दल लेखात फक्त मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता, दिली आहे. आमच्याकडे मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि टिनाच्या खोलीत त्याहून वर. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची कमाल मर्यादाच साधारण ४५ अंश सेल्सिअस असते, आणि भर उन्हात चार्जिंगला लावून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जिंग पहाटे करावे आणि कामाच्या वेळी रंगीत दिवे बंद ठेवावेत. दिवे बंद असले की काही दिवसांची बॅटरी काही आठवडे पुरते. लाइन गेल्यावर लॅपटॉप चालतो तेवढा वेळ कीबोर्डही चालतो, हे अलाहिदा.

कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या बाजूने उडणारा तंतू आणि रस्त्याची धूळ मिळून कळांखाली राखाडी नमदा तयार होतो. साध्या कीबोर्डमध्ये तो साफ करायला सगळे खोलावे लागते; मेकॅनिकलमध्ये चिमट्याने कीकॅप, म्हणजे कळेवरची टोपी, उपटून ब्रश फिरवता येतो. स्विचही उपटून बदलता येणारा, म्हणजे हॉट-स्वॅप कीबोर्ड असावा, ही अट मी आकाराइतकीच महत्त्वाची मानतो. नागपूर-अमरावतीबाहेरच्या माणसाला वॉरंटीसाठी कीबोर्ड कुरिअरने पाठवून वाट पाहत बसावे लागते, आणि बिघडलेली असते ती एकच कळ. चार जादा स्विच खणात ठेवले, तर ती घरीच बदलता येते. फक्त सॉकेट तीन पिनांचे आहे की पाच, एवढे पाहून घ्यावे.

शेवटचा मुद्दा कीकॅपवरच्या अक्षरांचा. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळेचा क्रमांक पाठवतो, त्यामुळे कोणत्याही कीबोर्डवर मराठी उमटते. पण मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाची परीक्षा देणारी मुले माझ्याकडे सरावाला येतात, त्यांना अक्षर दिसावे लागते. चिकटपट्टीची अक्षरे घामाने सुटतात, पीबीटी या खरखरीत प्लास्टिकच्या कीकॅपवर धड बसत नाहीत आणि खालचा उजेड अडवतात. इनस्क्रिप्ट मांडणी आयएस १३१९४ : १९९१ या मानकात आहे, तिची वाढीव आवृत्ती आयएस १६३५० : २०१६ मध्ये आहे, म्हणजे कोणते अक्षर कुठे छापायचे याबद्दल वाद नाही. तरीही बाजारात जपानी अक्षरांचे कीकॅप संच सहज मिळतात आणि देवनागरीचे शोधत बसावे लागते. आपल्या पुरवणीत यापुढे कीबोर्डची परीक्षणे येतील, तेव्हा त्यांवर इनस्क्रिप्टमध्ये निदान एक पान टाइप करून पाहावे, उजव्या शिफ्टची रुंदी आणि हॉट-स्वॅपची सोय किमतीच्या चौकटीतच छापावी आणि देवनागरी कीकॅप मिळतात का, हे विक्रेत्यांना विचारून लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ