पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र: हॉटेल किती लांब आहे ते मीटरमध्ये नको, मिनिटांत सांगायला लावा

मा. पर्यटनमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोठ्या शहरात पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाला हॉटेल निवडताना जी माहिती सगळ्यात जास्त लागते तीच त्याला धड मिळत नाही, आणि ती द्यायला लावणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

बघा ना, बुकिंगच्या ॲपवर खोलीचे वीस फोटो असतात, बेड केवढा ते असतं, नाश्ता आहे की नाही ते असतं, पण तिथून मला रोज जिकडे जायचंय तिकडे पोचायला किती वेळ लागेल हे काही लिहिलेलं नसतं. लिहिलेलं काय असतं, तर "मेट्रो स्टेशन 400 मीटर". हे 400 मीटर बरेचदा नकाशावर सरळ रेघ मारून काढलेले असतात, मधे रेल्वेचे रूळ आहेत की मोठा हायवे आहे की नदी आहे याचा त्या रेघेला पत्ताच नसतो, आणि स्टेशन म्हणजे नेमकं कुठलं गेट तेही सांगत नाहीत, मोठ्या जंक्शनवर एका टोकाच्या गेटपासून दुसऱ्या टोकाला जमिनीखालून चालण्यातच बराच वेळ जातो. नवखा माणूस ते 400 मीटर वाचतो, पैसे भरतो आणि मग बॅगा उचलून पादचारी पुलाच्या पायऱ्या चढत राहतो. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मूल असलं की पहिला दिवस त्यातच संपला म्हणून समजा.

मेट्रोच्या नकाशावरूनही अंदाज येत नाही. हॅरी बेक यांनी काढलेला लंडनच्या ट्यूबचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा, नकाशा 1933 मध्ये छापला गेला आणि पुढे जगभर तीच पद्धत रुजली, सरळ रेघा, ठरावीक कोन आणि साधारण सारख्या अंतरावर स्टेशनं. गाडी कुठे बदलायची ते त्यावर झटकन कळतं, पण खरं अंतर कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्टेशनांमध्ये जेमतेम 260 मीटर आहेत, तरी तेवढ्यासाठी पर्यटक तिकीट काढून जमिनीखाली उतरतात. लंडनच्या वाहतूक खात्याने 2015 मध्ये वेगळा नकाशा काढला, त्यात दोन स्टेशनांमध्ये चालत किती मिनिटं लागतात तेच छापलं. मला हॉटेलांसाठी अगदी हेच हवंय: हॉटेलच्या दारापासून जवळच्या गेटपर्यंत चालत किती मिनिटं, वाटेत पायऱ्या आहेत का, आणि त्या स्टेशनला लिफ्ट आहे का. लंडनच्या ट्यूबची 272 स्टेशनं आहेत आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांशच स्टेशनांवर पायऱ्या न चढता जाता येतं, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाला "स्टेशन जवळ आहे" एवढं सांगून काही उपयोगच नाही, हे बऱ्याच जुन्या मेट्रोंना लागू आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर चार दिवसांच्या मुक्कामात खोली लहान चालेल, शहराच्या मध्यापासून थोडं लांबही चालेल, पण हॉटेलपासून थेट गाडी हवी. दोनदा गाडी बदलून यायचं असेल तर मोठी खोली काय कामाची, पाय दुखत असताना दुपारी जरा टेकायला हॉटेलवर येणंही मग जिवावर येतं. म्हणून "सिटी सेंटरपासून अमुक किलोमीटर" हा आकडा मला तरी फारसा उपयोगाचा वाटत नाही.

शेवटच्या गाडीचंही तसंच. न्यूयॉर्कची सबवे, म्हणजे तिथली मेट्रो, रात्रभर चालते. टोकियोत मात्र बहुतेक लाइनी मध्यरात्रीच्या आसपास बंद होतात, आणि लंडनमध्ये 2016 पासून रात्रभर ट्यूब आहे पण ती ठरावीक लाइनींवर, शुक्रवारी आणि शनिवारी. लांबचं स्वस्त हॉटेल घेतलेल्या माणसाची शेवटची गाडी चुकली की वाचवलेले सगळे पैसे टॅक्सीत जातात. शिवाय रात्री अनोळखी शहरात एकट्या बाईला हा प्रश्न पैशांचा राहतच नाही. तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ हॉटेलच्या पानावर, भाड्याच्या शेजारी दिसायला हवी.

ही माहिती गोळा करणं अवघड नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने 2005 मध्ये गुगलबरोबर काम करून आपलं वेळापत्रक खुलं केलं, त्यातूनच जीटीएफएस नावाचा फॉरमॅट आला आणि आज जगभरच्या बस-मेट्रोंची वेळापत्रकं त्यात निघतात. तुमच्या शहरांनी ती नियमित आणि बिनचूक दिली तर बुकिंगवाल्यांना सबब उरणार नाही.

भाड्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत मे 2025 पासून नियम आहे की मुक्कामाच्या जाहिरातीत सक्तीची सगळी फी धरून एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवायची, सरकारी कर तेवढे वेगळे दाखवले तर चालतात. शेवटच्या स्क्रीनवर रक्कम वाढवणं आपणही बंद करायलाच हवं.

आणि सगळ्यात मनापासूनची मागणी स्वित्झर्लंडसारखी. जिनिव्हा, बासेल, बर्न या शहरांत हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्याला मुक्कामापुरता शहरातल्या बस-ट्रामचा पास फुकट मिळतो. बाहेरून आलेल्या माणसाला तिकिटाचे झोन, मशीन, सुटे पैसे यातलं काहीच डोक्यात ठेवावं लागत नाही, तो सरळ ट्रामकडे जातो, रस्त्यावर एक टॅक्सी कमी होते. पाहुण्यांकडून आपण कर घेत असलो तर त्यातला काही भाग त्यांच्या प्रवासावर खर्च करायला काय हरकत आहे? लगेच एवढं जमत नसेल तर निदान लंडनसारखं करा, बँकेचं साधं कार्ड टेकवून बसमध्ये आणि मेट्रोत जाता येतं आणि दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत.

हॉटेलं तुमच्या खात्याकडे आणि गाड्या वाहतूक खात्याकडे, म्हणून हे राहून जातं असं मला वाटतं. दोन्ही खात्यांचे अधिकारी एकत्र बसवा आणि आधी एकच शहर घ्या. हॉटेलवाल्यांनी भरून दिलेल्या आकड्यांवर विसंबू नका, तुमची माणसं पाठवा, हातात बॅग घेऊन हॉटेलच्या दारापासून स्टेशनच्या गेटपर्यंत चालायला सांगा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री, आणि जो वेळ लागेल तो जाहीर करा.

आपला,
एक प्रवासी